भागोजींच्या डोक्यावरचा हात

लाल ठिपका, बोराएवढा.

दोरीला टांगलेला एक हापूस.

ओला फडका.

विमलाकाकूंचं रुपयाएवढं कुंकू. भागोजी नाचणकरांचं गुळगुळीत टक्कल. सकाळचे साडेदहा.

रेणुकासमोर, घरापुढच्या खळ्यातल्या खांबाला, सिलिकॉनचा सव्वा मीटर लांब हात लोंबत होता. त्यात हाड नाही की सांधा नाही. पोटात हवा भरावी तसा वळायचा. आपण कुठे आहोत हे असल्या हाताला स्वतःला कळत नाही, म्हणून समोर कॅमेरा. कॅमेऱ्याने हाताच्या शेंड्यावरचा लाल ठिपका शोधायचा, आंबा शोधायचा, आणि ठिपका आंब्याला टेकेपर्यंत हात वळवत राहायचा. दोन वर्षं रेणुका याच्याच मागे होती. आता फक्त बाग हवी होती, आणि बाग होती भागोजींची.

"हे समुद्रातलं माकूल कुठून गो पकडून आणलंस?" टांगलेल्या आंब्याच्या उजवीकडच्या खुर्चीत बसत भागोजींनी विचारलं.

"काका, हा आंबा उतरवतो. न दाबता."

"दाबलेला आंबा आढीत चार दिवसांत काळा पडतो. आज एक नीट उतरवून दाखव, हंगामभर बाग तुझी. नाहीतर आत ने नि ह्याचं कालवण कर."

रेणुका लॅपटॉप आणायला आत गेली. तेवढ्यात तिच्या विमलाकाकू तबक घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या घरात साधा मिक्सरसुद्धा पूजेशिवाय फिरला नव्हता. हा तर केवढा तरी हात. शेंड्यावरचा लाल डाग दिसताच त्या म्हणाल्या, "शेंड्याला कुंकू लावतात होय? कुणी मेल्याने लावलं?" आणि ओल्या फडक्याने तो स्वच्छ पुसला. मग नवं कुंकू योग्य जागी लावलं. योग्य जागा म्हणजे कॅमेऱ्याची पाठ. पूजा आटोपून त्या आंब्याच्या डावीकडे हात जोडून उभ्या राहिल्या.

रेणुकाने यंत्र सुरू केलं. कॅमेऱ्याने लाल ठिपका शोधला. तो काकूंच्या कपाळावर सापडला.

आता कॅमेऱ्याच्या लेखी काकूंचं कपाळ म्हणजेच हाताचा शेंडा. शेंडा आंब्यापासून फूटभर डावीकडे, म्हणून हात उजवीकडे वळला. कपाळ हललं नाही. हात आणखी वळला. कपाळ तिथंच. मग मात्र त्याने जीव खाऊन झेप घेतली, वाटेतलं तबक उडवलं आणि भागोजींच्या टकलाला वेढा घातला.

"रेणू, बंद कर ते!" काकू ओरडल्या.

"बंद केलं तर तसाच धरून बसेल! आंबा पडू नये म्हणून मीच तसं केलंय!" रेणुकाने पडद्याकडे पाहिलं. काकूंच्या कुंकवाभोवती हिरवी चौकट लुकलुकत होती. "काकू, आंब्याला कपाळ टेकवा!"

"कशाला?"

"टेकवा हो! म्हणजे तो थांबेल!"

काकूंनी झुलता आंबा दोन्ही हातांनी धरला आणि देवापुढे वाकावं तसं वाकून कपाळ टेकवलं. हात त्या क्षणी शांत झाला.

"हलू नका. मी हवा हळूहळू सोडते. दोन मिनिटं."

रेणुका एकेक कळ दाबत हवा सोडू लागली. हंगाम गेल्यात जमा होता.

"पोरी," वेढ्यातून आवाज आला.

"दुखतंय का हो काका?"

"तेच बघतोय कधीपासून. नाही दुखत." भागोजींनी वेढा चाचपला. "माझ्या गड्यांनी धरलेल्या आंब्यावर बोटं उमटतात. ह्यानं एवढा धिंगाणा घातला, पण डोकं धरलंय कसं बघ! इतक्या मायेनं मला न्हावीसुद्धा धरत नाही."

"म्हणजे काका..."

"उद्या सकाळी बागेत घेऊन ये. फक्त वहिनींना घरी ठेव."

"का म्हणून?" आंब्याला टेकलेल्या काकू तिथूनच कडाडल्या. "माझ्या कपाळाशिवाय पान हलतं का त्याचं? आणि रेणू, मान अवघडली गं. होऊ का सरळ?"

"नको!" रेणुका आणि भागोजी एकदम ओरडले.

सिलिकॉनच्या हाताने उतरवलेल्या आंब्यांची पहिली पेटी भागोजींच्या बागेत तेवीस एप्रिलला भरली.