तोंडओळख

"अहो, मी फेन्सिंग सुरू करू का?" असं बायकोने विचारलं तेव्हा मोजणीदार दाढी करत होते. जमीनमोजणीच्या कचेरीत बावीस वर्षं लोकांच्या कुंपणांची भांडणं ऐकलेला माणूस. त्यांनी आरशातूनच सांगितलं, "कर की. फक्त दोन फूट आतून घे, नाहीतर शेजारी बोंब मारेल." (बायकोला काही कळलं नाही. पण होकार मिळालाय तर उकरून कशाला काढा, म्हणून ती गप्प बसली.)

महिना झाला तरी अंगणात एक खांब रोवला गेला नाही. उलट बायको संध्याकाळी पांढरं जाकीट, जाळीचा मुखवटा आणि लवलवती तलवार घेऊन घरी येऊ लागली. फेन्सिंग म्हणजे तलवारबाजीही असते, हे तेव्हा कुठे मोजणीदारांच्या डोक्यात शिरलं. तेही एक वेळ चाललं असतं, पण बायको चक्क गुणगुणत होती.

एके दिवशी ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "सरांनी आज मला पाच वेळा टच केलं. मी त्यांना दोनदाच. सर म्हणाले, लाजू नकोस, पुढे ये!"

मोजणीदारांचा चहा बशीत सांडला. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझे हे सर... दिसायला कसे आहेत गं?"

"चपळ! या वयातसुद्धा."

कोणत्या वयात, हे विचारायचा मोजणीदारांना धीर झाला नाही. आरशासमोर उभं राहून त्यांनी पोट आत ओढून पाहिलं. आत फारशी जागा शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीला दांडी मारून ते थेट फेन्सिंगच्या हॉलवर गेले. दारावर पाटी होती : 'आज नवख्यांसाठी तोंडओळख'. आत एकाचंही तोंड दिसत नव्हतं. सगळे मुखवट्यात! दाराशी बसलेल्या बाईंनी त्यांनाही नवखे समजून जाकिटात कोंबलं (चेन पोटावर अडली, तिथेच सोडून दिली), मुखवटा चढवला आणि बजावलं, "इथे टच झाला की हात वर करून कबूल करायचं हं."

'वर कबूलही करतात!' मोजणीदारांचं टाळकं सणकलं.

हॉलच्या मधोमध एक चपळ मुखवटा नवख्यांना पाय कसा टाकायचा ते दाखवत होता. हेच ते सर! मोजणीदार तलवार सरसावून पुढे झाले.

"माझ्या बायकोला टच करायचं काम नाही! साधी बाई आहे ती. तिला माझ्याशिवाय कोणी नाही." इथे त्यांचा आवाज चिरकला. "म्हणजे... मला तिच्याशिवाय कोणी नाही."

समोरचा मुखवटा क्षणभर थबकला. मग त्याने तलवार उंचावून सलाम केला आणि टक्! टोक छातीवर. टक्! खांद्यावर. मोजणीदार सावरेपर्यंत आणखी तीन, त्यातला शेवटचा नेमका चेन अडली होती तिथे.

"हात वर करा हो, हात!" कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं. गुडघ्याला पट्टा बांधलेले पंच्याहत्तरीचे एक आजोबा खुर्चीत बसून टाळ्या पिटत होते. "पाच टच झाले तुम्हाला!"

"थँक्यू, सर," असं आजोबांना म्हणत समोरच्या मुखवट्याने मुखवटा काढला. आत बायको होती.

घरी परतताना मोजणीदार टोचलेलं पोट चोळत चालले होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मला कधी ओळखलंस?"

"तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच."

"मग पाच वेळा कशाला टोचलंस?"

"पहिला, संशय घेतलात म्हणून. बाकीचे चार संसाराच्या बावीस वर्षांत साचलेले होते."

"साचलेले? माझं कधी काही चुकलंय का?"

बायको थांबली आणि तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. भर रस्त्यात मोजणीदारांनी निमूटपणे हात वर केला.

"सहा," बायको म्हणाली.