बारा शिट्ट्यांची डाळ

"रविवारी सगळेजण माझ्या हातचं जेवायला या," असं मी फोनवर म्हणालो तेव्हा बायको आंघोळीला गेली होती. हा तपशील महत्त्वाचा आहे. ती घरात वावरत असताना मी असली विधानं करत नाही.

पण आधी मागचा संदर्भ द्यायला हवा. (बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मागचा संदर्भ दिल्याशिवाय प्यायला पाणीसुद्धा मागता येत नाही.)

नोकरीला लागून आठवडा झाला होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी लिहिलेलं पत्र त्यांनी मेलेली पाल धरावी तसं दोन बोटांत धरलं होतं. "तुम्हाला येतं तरी काय हो?" त्यांनी विचारलं. साहेब माझ्याच वयाचे, परीक्षा देऊन थेट खुर्चीवर बसलेले. त्यामुळे जरा जास्तच लागलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले. साहेबांनी माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! कुणी केली?"

लग्नाला जेमतेम महिना झाला होता आणि अपमानाला दोन तास. तोंडातून निघून गेलं, "मीच."

त्या एका शब्दावर मी बत्तीस वर्षं काढली. ऑफिसात मला सगळे बल्लवाचार्य म्हणत. माझ्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'साधारण' एवढाच शेरा असे. कौतुक झालं ते फक्त भाजीचं. रोज डबा उघडला की साहेब दोन घास घ्यायचे आणि म्हणायचे, "हात आहे तुम्हाला, हात!" माणसाला जगायला एवढं पुरतं. खोटं असलं तरी पुरतं.

निवृत्तीनंतर वर्षभराने साहेबांचा फोन आला. "बल्लवाचार्य, तुमची भाजी आठवते हो. घास घशाखाली उतरत नाही." यावर माणूस काय बोलणार? मी वरचं वाक्य बोललो.

बायकोला मी एवढंच सांगितलं की रविवारी दुपारी सहा माणसं जेवायला आहेत. ती "बरं" म्हणाली आणि तिने मला बटाटे आणायला सांगितले. प्रकरण तिथेच निकाली निघायचं, पण गुरुवारी आमच्या टाइपिस्टबाईंचा फोन आला आणि तो बायकोने उचलला. टाइपिस्टबाईंनी उभा जन्म टाइपरायटरच्या खडखडाटावर आवाज चढवण्यात घालवलेला. फोनपासून चार हातांवर बसूनही मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वहिनी, नशीबवान हो तुम्ही! बत्तीस वर्षं पहाटे उठून स्वतःचा डबा स्वतः करायचे म्हणे! नाहीतर आमचे हे! गॅस कुठून पेटतो ते अजून माहीत नाही!"

बायको म्हणाली, "हो ना. साडेपाचला उठायचे बिचारे. मी आपली लोळत पडलेली."

तिने फोन ठेवला.

"अहो."

"अं?"

"बत्तीस वर्षं?"

"अगं, एकदा बोलून गेलो, आणि मग दुरुस्ती करायची राहून गेली."

"राहून गेली?"

"योग्य वेळ आली नाही."

ती ओरडली असती तर मी सुटलो असतो. पण तिने निवडायला घेतलेली कोथिंबीर शांतपणे माझ्यासमोर ठेवली. "मी काही तुमची अब्रू घालवणार नाही," ती म्हणाली. "रविवारी मी बाहेर पाहुण्यांत बसेन. अब्रू तुमची तुम्ही घालवा."

शनिवारी मी वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसलो. बेत साधाच ठरला: डाळ, भात आणि तीच ती बटाट्याची भाजी. भात आणि पोळ्या बाहेरून आणायला तिने तोंडी मंजुरी दिली.

"जिरं किती?"

"चिमूटभर."

"कुणाच्या चिमटीने?"

"माझ्या."

"हे प्रमाण झालं का?"

"मग 'हात आहे' म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

हळद किती, तर रंग येईल इतकी. धनेपूड किती, तर वास सांगेल तितकी. मी म्हटलं, अशा टिपणीवर जगात कुठलंही काम चालणार नाही. शेवटी कंटाळून तिने आकडे दिले. "आपल्या दोघांना डाळ एक वाटी, मिरच्या दोन, शिट्ट्या तीन. बटाटे चार, झाकण ठेवून दहा मिनिटं. झालं समाधान?"

झालं. मी आतल्या खोलीत जाऊन पट्टीने रेघा मारून तक्ता केला. डावीकडे 'दोन माणसे', उजवीकडे 'आठ माणसे'. त्रैराशिकात मी शाळेपासून पक्का. दोनाचे आठ झाले, म्हणजे सगळं चौपट. वाट्या चार, मिरच्या आठ, बटाटे सोळा. तक्ता दोनदा तपासला, खाली सही केली आणि ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. स्वयंपाकासारख्या सोप्या गोष्टीचा बायकांनी उगीच बाऊ करून ठेवलाय, असंही एक वाक्य मनात आलं. (मनात आलं. मी मूर्ख असेन, पण तितका नाही.)

रविवारी बारा वाजता मंडळी आली. साहेब, टाइपिस्टबाई आणि आवक-जावक, तिघेही आपापल्या जोडीदारासह. आवक-जावक म्हणजे आमचा टपालाचा कारकून. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर घालून घालून त्याची अशी सवय झालेली की तो जिनासुद्धा पायऱ्या मोजत चढतो. बायको नवी साडी नेसून, हातावर हात ठेवून सोफ्यावर बसली. तिला तसं बसलेलं मी लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

मी ॲप्रन बांधून आत गेलो. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर कढई. बाहेर गप्पा रंगल्या. कुकरने पहिली शिट्टी दिली.

"एक," बाहेरून आवक-जावक म्हणाला.

तिसऱ्या शिट्टीला टाइपिस्टबाई म्हणाल्या, "चला, झालंच आता."

पाचव्या शिट्टीला गप्पा जरा मंदावल्या. सातवीला साहेब म्हणाले, "डाळ जरा जुनी असेल." आठवीला वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, घरात कुणी आहे का? कुकर विसरलात वाटतं!" मी खिडकीतून हात हलवून त्यांना निर्धास्त केलं आणि तक्त्यावर आठवी खूण केली.

"नऊ," आवक-जावक म्हणाला. त्याच्या आवाजात आता आदर होता.

"मी जरा पाणी आणते हं," बायको म्हणाली आणि आत आली. दार लोटून घेऊन तिने दबक्या आवाजात विचारलं, "अहो, किती शिट्ट्या करताय?"

"बारा."

"बारा?"

"दोन माणसांना तीन, तर आठ माणसांना किती? सरळ हिशेब आहे."

तिने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एका बाळाला नऊ महिने लागतात," ती म्हणाली. "जुळ्यांना अठरा लागतात का हो?"

या मुद्द्यावर माझ्याकडे माहिती उपलब्ध नव्हती. तिने गॅस बंद केला आणि कढईवरचं झाकण उचललं. चाळीस मिनिटांपैकी पस्तीस झाली होती. आत सोळा बटाटे होते याला पुरावा फक्त माझा तक्ता.

"अगं, बाहेर साहेब बसलेत," मी म्हटलं. "आयुष्यात एवढंच एक नाव कमावलं गं मी."

"तुम्ही?" ती म्हणाली. पण बोलता बोलता तिने पदर खोचला होता.

पुढची वीस मिनिटं मी फक्त मागेल ते हातात देत होतो. तिने डाळ वरच्यावर दुसऱ्या पातेल्यात काढली, तळाचं काळं कुकरलाच राहू दिलं. कढत पाणी, लिंबू, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. उरलेले बटाटे हातातल्या हातात चिरले. जिरं तडतडलं, आलं पडलं, हळद, धनेपूड, आणि घरभर तोच वास सुटला, जो मी बत्तीस वर्षं डब्यात घालून माझ्या नावावर नेत होतो. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, "येतंय हं त्यांचं होत."

पानं वाढली. साहेबांनी भाजीचा घास घेतला आणि डोळे मिटले. मी डाळ वाढायला डाव उचलला. साहेबांनी डोळे उघडले.

"बल्लवाचार्य, राग मानू नका. ही भाजी तुमची नाही."

माझ्या हातातला डाव डाळीत पडला.

"ही वहिनींनी केलीय," साहेब म्हणाले. "आम्हाला फसवता? बत्तीस वर्षं खाल्लीय तुमच्या हातची. चांगली झालीय, वहिनी, नाही असं नाही. पण यांचा हात तो यांचा हात."

"जिरं थोडं कमी पडलं," टाइपिस्टबाई म्हणाल्या. "यांच्या भाजीत कसं नेमकं असायचं."

बायकोने पानातून मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मला नुसतं गप्प बसायचं होतं. अब्रू शाबूत होती, उलट वाढली होती. पण त्या लाल पाळ्यांकडे पाहून मला गप्प बसवेना.

"साहेब," मी म्हटलं, "ती बत्तीस वर्षांची भाजीसुद्धा हिनेच केलेली. रोज. मी एकदाही नाही."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "काय माणूस आहे! बायकोला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं श्रेय सोडतोय!"

"शिका जरा!" टाइपिस्टबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"अहो, खरंच सांगतोय!"

"असा नवरा एक," आवक-जावक म्हणाला, आणि पुढचा नंबर त्याला सापडला नाही.

मी शपथ घेतली, तर माझं मन आणखीच मोठं ठरलं. शेवटी बायकोनेच तोंड उघडलं. "साहेब म्हणतात ते बरोबर आहे," ती गोड हसून म्हणाली. "यांचा हात मला कुठला? उद्यापासून यांनाच करू दे." टाळ्या पडल्या.

सोमवारी मी बटाट्याची भाजी केली. दोन माणसांची, तक्त्याबरहुकूम, चौपट न करता. बायकोने बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने माझा ऑफिसचा डबा काढला, भाजी त्यात भरली आणि म्हणाली, "साहेबांना नेऊन द्या. जीव टाकतात हो तुमच्या हातच्यावर."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"बल्लवाचार्य, डबा पोचला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आजाऱ्याशी बोलावा तसा होता. "मनाला लावून घेऊ नका. वय झालं की हात जातो माणसाचा. वहिनींच्या भाजीला आम्ही नावं ठेवली, ते शब्द मी मागे घेतो. या भाजीपुढे ती अमृत होती. एक सुचवू? लाज सोडा आणि त्यांच्याकडून शिकून घ्या."

"शिकवीन की," बायको म्हणाली.

त्याला आता दोन महिने झाले. पातेल्याजवळ मला अजून फिरकू दिलेलं नाही. सध्या माझ्याकडे फक्त लसूण आहे. काल सोललेल्या अकरा पाकळ्या सादर केल्या. चार परत आल्या. सालं राहिली होती म्हणे.