आग कमी पडली

बायको मावशीच्या ऑपरेशनसाठी परगावी निघाली आणि जाता जाता ड्रायरकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, बाकी काही जमलं नाही तरी चालेल. पण तापमानाच्या काट्याला हात लावू नका." तो लावायचा नाही, असं काळजीवाहूंनी तिथल्या तिथे ठरवलं. आणि ठरवल्यापासून त्यांना काट्याशिवाय दुसरं काही दिसेना.

काळजीवाहू हे मेव्हण्याने ठेवलेलं नाव. "सरकारं काळजीवाहू असतात ती थोडे दिवस. आमचे भाऊजी कायमचे!" कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, आणि मग ओढल्यामुळे उघडलं तर नाही ना, म्हणून परत ओढून बघायचे. या मेव्हण्याचा घरामागच्या खोलीवर डोळा होता. तिथे बायकोचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना होता (कारखाना म्हणजे एक टेबल, भिंतीला टेकवलेल्या जाळीच्या चौकटी आणि पट्ट्यावरून कपडे आत ओढून घेणारा ड्रायर). अग्निशमन दलाचं काम हातचं गेलं तर कारखाना बंद करून खोली भावाला राहायला द्यायची, असं तिने स्वतःच बोलून टाकलं होतं. म्हणजे मेव्हणा कायमचा घरात. या कल्पनेने काळजीवाहूंची झोप उडाली होती.

काम होतं दलाच्या रस्सीखेच संघाच्या जर्सीचं. लाल पॉलिएस्टर, आणि छातीवर पांढरी ठसठशीत अक्षरं: 'हटणार नाही'. पहिला नमुना नेहमीच्या शाईने काढला होता. ती शाई पक्की व्हायला कडक आच लागते, आणि तेवढ्या आचेला लाल कापडाचा रंग सुटून वर चढतो. अक्षरं झाली गुलाबी. कॅप्टनने नमुना दोन बोटांत धरून परत केला होता. "वहिनी, आम्ही आग विझवायला जातो, वाढदिवसाला नाही." म्हणून बायकोने कमी तापमानाला पक्की होणारी शाई मागवली, नमुने काढून ड्रायरचा काटा बरोब्बर लावून ठेवला आणि मग निघाली.

जाळीवरून शाई ओढून छापायला काळजीवाहूंना येत होतं. सुट्टीच्या दिवशी ते तिच्या हाताखाली राबायचेच. पहिली जर्सी छापून त्यांनी पट्ट्यावर ठेवली आणि ती आत गेली तसे ते वाकून वाकून आत डोकावू लागले. गुलाबी झाली तर? त्यांनी डबा उचलून वाचला. (या कंपन्यांना एकदा जाहीर जाब विचारला पाहिजे. शाईचं नाव हाताएवढ्या अक्षरांत, आणि ती वापरायची कशी हे मुंगीला वाचता येईल एवढ्यात.) त्यांना वाचता आलं ते 'कमी तापमान' एवढंच. कमी चांगलं, तर आणखी कमी आणखी चांगलं, असा सरळ हिशोब करून त्यांनी काटा किंचित खाली आणला. पुढच्या जर्सीला अजून किंचित. शेवटची जर्सी बाहेर आली तेव्हा ड्रायरपेक्षा काळजीवाहूच जास्त तापलेले होते.

पण अक्षरं पांढरीशुभ्र होती! बोट लावलं, कोरडी. त्यांनी घड्या घातल्या, रिक्षाने मैदानावर नेऊन दिल्या आणि छाती फुगवून घरी येऊन बायकोला फोन लावला.

"झालं. एकही गुलाबी नाही."

"ताणून बघितलीत?"

"काय ताणून?"

"अक्षरं, अहो! हाताला कोरडी लागली म्हणजे पक्की झाली असं नसतं. ताणली की तडकली तर कच्ची. काट्याला हात नाही ना लावलात?"

"छे," म्हणत काळजीवाहूंनी खुर्चीवर राहिलेली जास्तीची जर्सी ताणली. 'हटणार'ला उभी भेग गेली आणि 'नाही' त्यांच्या अंगठ्याला चिकटून आलं.

ते पायांत मिळतील त्या चपला घालून धावले. (एक बायकोची होती.) मैदानावर संघ जर्सी घालून उभा होता.

"काढा!" काळजीवाहू लांबूनच ओरडले. "सगळ्यांनी अंगातलं काढा!"

कॅप्टन सावध झाला. "कुठे लागली?"

"काय?"

"आग!"

"लागली नाही हो, कमी पडली!"

आग कमी पडल्याची तक्रार दलाच्या इतिहासात पहिल्यांदाच येत होती. तेवढ्यात एका गड्याने सराव म्हणून दोर काखेत घेतला आणि दोरावर 'हट' असं स्वच्छ उमटलं. मग पटापट जर्सी निघाल्या. सगळे उघडे बसले.

घर लांब, सामना तोंडावर. समोरच्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं मोठं प्रेस होतं. काळजीवाहू गठ्ठा घेऊन आत शिरले. "मध्ये कागद ठेवा आणि दाबा. कच्चं राहता कामा नये!"

"किती तापवू?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

एकदा हात पोळलेले काळजीवाहू (खरं तर न पोळल्यामुळेच ही वेळ आली होती) म्हणाले, "होऊ दे फुल्ल!"

कागद निघाला. अक्षरं ताणली, तडकली नाहीत. उपटून बघितली, निघाली नाहीत. फक्त एकेक जर्सी निवता निवता लाजू लागली. पांढऱ्याचं गुलाबी, आणि गुलाबीही कसं, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या गालासारखं.

ती बघून कॅप्टन काळजीवाहूंच्या दिशेने निघाला. शिटी वाजली म्हणूनच काळजीवाहू वाचले.

पलीकडे तुरुंगाच्या पहारेकऱ्यांचा संघ, एकेक गडी कपाटाएवढा. त्यांनी दोर उचलला, समोर बघितलं आणि त्यांच्या म्होरक्याला गुलाबी 'हटणार नाही' दिसलं. तो हसला. मग मागचा हसला. हसणाऱ्या माणसाच्या मुठीत जोर राहत नाही. संपूर्ण पहारा एकमेकांच्या अंगावर कोसळत रेषेच्या अलीकडे आला.

बायको परत आली तेव्हा कॅप्टन कारखान्याच्या दारात उभा होता आणि काळजीवाहू दारामागे.

"वहिनी, दलाचे सगळे कपडे आता तुमच्याकडेच. पण अक्षरं याच गुलाबीत हवीत. पोरं दुसऱ्या रंगाला तयार नाहीत."

बायकोने जर्सी उजेडात धरली, काट्याकडे बघितलं, मग दारामागून डोकावणाऱ्या स्वतःच्या चपलेकडे बघितलं.

"देईन की," ती म्हणाली. "फक्त आधी कळवत जा. हा रंग डब्यात मिळत नाही, त्यासाठी ह्यांना घाबरवावं लागतं."