कॅनडातल्या पैशांचा कौल

फोन मी उचलायला नको होता. माझी चूक एवढीच. (बाकीच्या चुका पुढे आहेत, पण त्या या एका चुकीची पोरं आहेत.)

२००९ सालचा फेब्रुवारी, रविवारची सकाळ. बायको विमला बांगडे साफ करत होती, दोन्ही हात बरबटलेले. ती ओरडली, "अवो, फोन घेवा! यतीनचो आसतलो!" आणि मी पेपर बाजूला ठेवून उठलो.

यतीन म्हणजे माझा मेहुणा. चार वर्षांपूर्वी कॅनडात गेला, ब्रॅम्प्टन नावाच्या गावात ट्रकच्या गॅरेजात लागला. बायको संजना तिकडेच. दोघांनी पोटाला चिमटा काढून चाळीस हजार डॉलर साठवले होते आणि पुढच्या वर्षी घर घ्यायचं चाललं होतं.

"भावोजी, सल्लो होयो होतो," यतीन म्हणाला. "तुम्ही शेअरबाजाराचा वाचतास मां?"

वाचतो म्हणजे काय, रोज वाचतो! मी मालवणात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. आलेल्या टपालावर शिक्का, गेलेल्या टपालावर शिक्का, आणि मधल्या वेळात पेपरातलं शेअरबाजाराचं पान. आजवर शेअर एकही घेतलेला नाही, त्यामुळे मत अगदी निःपक्षपाती.

"बोल," मी खुर्चीत बसत म्हणालो.

"बँकवालो म्हणता, जीआयसीत ठेव. म्हणजे आपली एफडी. शेकडा दीड टक्को, पण एक डॉलर हलाचो नाय. गॅरेजातलो दोस्त म्हणता, ईटीएफ घे. बाजार पडलोहा, स्वस्तात गावतलो."

"हं," मी म्हणालो. (ईटीएफ हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. अशा वेळी 'हं' फार उपयोगी पडतं.)

"एकच फंड, पण त्याच्यात साठ कंपन्यांचो थोडो थोडो हिस्सो. आणि शेअरासारखो बाजारात कधीय घेवा, कधीय विका."

"मग घे की ईटीएफ!" मी म्हणालो. "बाजार पडलेला असतानाच घ्यायचं असतं. साधी गोष्ट आहे."

एवढ्यात माझ्या कानाशी बांगड्याचा वास आला. विमला सुरी घेऊनच उभी होती.

"माझ्या भावाक बुडवतलास? पडलेल्या बाजारात खंय पैशे घालतत?" तिने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. "यतीन, ह्येंचा काय एक आयकू नको. आपल्या देवाक कौल लावया."

मला वाटलं, चार वर्षं कॅनडात राहिलेला माणूस हसेल. कसचं काय! यतीन सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "ताई, माझ्या मनातला बोललंस. माका येवक जमाचा नाय. भावोजींका पाठव."

म्हणजे साठ कंपन्या, टोरोंटोचा बाजार, जगभरची मंदी, आणि निर्णय देवगडच्या वाटेवरच्या एका गावात. रजेचा अर्ज मात्र मी टाकायचा!

विमलाचं माहेर जामसंड्याच्या अलीकडे. बुधवारी एसटीतून हाडं खिळखिळी करून घेत आम्ही देवळात पोचलो. दाजी गुरव फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवून तयार बसला होता. आमच्याकडे कौल म्हणजे काय, तर भिजवलेल्या कळ्या देवाच्या अंगावर उजवीडावीकडे चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातली लग्नं, घरं, होड्या सगळं यावरच चालतं. कॅनडातला फंड हा पहिलाच.

"काय विचारूचा?" दाजी म्हणाला.

"ईटीएफ घ्यायचा की जीआयसी."

दाजीने कळ्या खाली ठेवल्या. "जावयबापू, जा माका कळाक नाय, ता मी देवाक विचारूचंय नाय. देव माकाच उलटो विचारीत."

मग मी समजावायला बसलो. निर्देशांक सांगितला. भांडवल सांगितलं. जोखीम विभागणी सांगितली. (हा शब्द मी पेपरात वाचला होता, त्याचा अर्थ मला त्या दिवशी बोलता बोलता कळला.) पाऊण तास झाला. दाजी माझ्याकडे तापातल्या माणसाकडे बघावं तसं बघत होता. भोवती दहाबारा माणसं जमली. त्यांत विमलाची तुळसाकाकी होती, बाजारात मासे विकून रिकामी टोपली घेऊन परत चाललेली.

"काय रे दाजी, एवढा पण कळाक नाय?" ती पायरीवरूनच म्हणाली. "एक मिसळ वाटो. सगळ्या होड्यांची थोडी थोडी मासळी. एक होडी रिकामी इली तरी वाटो रिकामो जाणा नाय. पण भाव रोज खालीवर. आणि दुसरी ती सुकी मासळी. डब्यात घालून ठेवा, वर्सभर काय होणा नाय. वाढाचीय नाय."

"मगे असा सांगा मां!" दाजी माझ्यावरच खेकसला. "वाटो की सुकी मासळी, एवढाच!"

माझा पाऊण तास गेला पाण्यात.

आता गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांदेखत घालायची विनवणी. दाजीने देवासमोर हात जोडून खणखणीत सुरुवात केली, आणि रीतीप्रमाणे प्रत्येक वाक्याला आम्ही सगळ्यांनी साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू यतीन आज सातासमुद्रापलीकडे कॅनडात आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेणां घाम गाळून चाळीस हजार डालर साठवल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" (सगळ्या गावाला आकडा कळला. बँकेची गुप्तता गेली खड्ड्यात.)

"ते मिसळ वाट्यात घालूक होये काय, ह्येचो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लेकरू हय हजर नाय, म्हणान त्येच्या वतीन हो जावय उभो आसा. लेकराक काय खोट इली, तर ती हो जावय आपल्या पदरची भरून देतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. लहानपणापासूनची सवय हो! गाऱ्हाण्यात वाक्य ऐकायचं नसतं, शेवट ऐकायचा असतो. दाजी 'म्हाराजा' म्हणाला की आमचं तोंड आपोआप उघडतं. काय बोललो ते कळेपर्यंत देवाने ऐकलं होतं, आणि देवापेक्षा वाईट म्हणजे तुळसाकाकीने ऐकलं होतं.

"दाजी, हे काय घातलंत मध्येच?" मी कुजबुजलो.

"रीतच आसा," दाजी शांतपणे म्हणाला. "मालक हजर नसलो तर जामीन लागता. तुम्ही व्हय म्हटलास. सगळ्यांनी आयकला."

आणि टप्पकन उजवी कळी पडली. इतक्या झटकन कौल दहा वर्षांत पडला नव्हता म्हणे. लोक खूश, विमला खूश, आणि मी मनात गुणाकार करत उभा. चाळीस हजार डॉलर गुणिले चाळीस रुपये. सोळा लाख! माझ्या प्रॉव्हिडंट फंडात त्याचा पाव हिस्सादेखील नव्हता. बाजार तर रोज पडत होता. पेपरात मीच वाचत होतो. आणखी पडला तर घर यतीनचं जाणार नव्हतं, माझं जाणार होतं.

विमला तुळसाकाकीकडे चहाला गेली. "मी यतीनला फोन करून येतो," असं सांगून मी जामसंड्याच्या बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये शिरलो, दार घट्ट लावलं आणि जन्मातलं सगळ्यात मोठं पाप केलं.

"यतीन, कौल डावा पडला. फंड नको. बँकेत ठेव."

"नक्की मां, भावोजी?"

"नक्की!" मी म्हणालो. आणि त्याने आणखी काही विचारायच्या आत रिसीव्हर ठेवला.

सुटलो, असं वाटलं. पंधरा दिवस खरंच बरे गेले. आणि मग मार्चमध्ये तो मेला टोरोंटोचा बाजार वर चढायला लागला.

मालवणच्या बाजारात जुबेरचं सायबर कॅफे आहे. कचेरी सुटली की मी तिथे जायचो. जुबेर मला कॅनडाचा निर्देशांक काढून द्यायचा. "काका, आज परत वर!" तो आनंदाने सांगायचा आणि मी कपाळाला हात लावायचो. बाजार चढला म्हणून रडणारा, आणि तेही एक शेअर नसताना, असा माणूस त्याने पाहिला नव्हता. पण चढलेला प्रत्येक डॉलर मी यतीनच्या घरातून काढून घेतला होता. देवाने हातात ठेवलेला पैसा मी मध्येच अडवला होता. रात्रंदिवस तेच डोक्यात!

विमलाच्या तोंडाकडे बघवेना. नुसतं बसवेना. म्हणून मी कामाला लागलो. आमच्या विहिरीवर पंप नाही, रहाट आहे. एप्रिलमध्ये मी रोजचं पाणी ओढायला सुरुवात केली, वीस कळश्या घरात आणि तीस माडांना. बाजार आणखी चढला, तेव्हा भांडी घासायला घेतली. गणपतीपर्यंत मी मासे साफ करत होतो. दिवाळीत निर्देशांकाने अशी काही उसळी मारली की मी चकल्या पाडल्या.

"अवो, तुमका बरा नाय काय?" विमला एकदा म्हणाली.

"बरा आहे. तू बस," मी म्हणालो आणि रहाटाकडे गेलो. हाताला घट्टे पडले. कचेरीत शिक्का मारताना ठणकायचे.

२०१० च्या फेब्रुवारीत यतीन आणि संजना आले. आल्या आल्या सगळे देवळात. तेच देऊळ, तोच दाजी, तीच तुळसाकाकी. मी हिशेब करूनच गेलो होतो. ईटीएफ घेतला असता तर चाळीसाचे चोपन्न हजार झाले असते. बँकेच्या ठेवीवर मिळाले असतील जेमतेम सहाशे डॉलर. म्हणजे माझ्यामुळे खोट साधारण सहा लाखांची.

दाजीने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! तुझ्या कौलाप्रमाणे लेकरान केल्यान, लेकराचा बरा झाला म्हाराजा!"

सगळ्यांनी तोंड उघडलं. पण मला सहन होईना.

"थांबा!" मी ओरडलो. "खोटं आहे! कौल उजवा पडला होता. मी याला डावा सांगितला. जामीन राहिलो म्हणून भ्यालो. यतीन, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं रे! माझ्या फंडातून भरून देतो. हप्त्याहप्त्याने का होईना, पण देतो." आणि मी देवासमोर चक्क रडलो.

दाजी खाकरला.

"जावयबापू," तो म्हणाला, "ता आमका ठावक आसा."

"म्हणजे?"

यतीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावोजी, तुमचो फोन ठेवलंय आणि दहा मिनिटांत ताईचो इलो, तुळसाकाकीच्या घरसून. उजवो पडलो म्हणान सांगल्यान. मी पैशे वाट्यातच घातलंय. जानेवारीत विकलंय, घराक भरलंय."

मी विमलाकडे वळलो. "तुला वर्षभर माहीत होतं?"

"वर्षभर नाय कसा, त्याच दिसाक कळला," विमला म्हणाली. तुळसाकाकी पदर तोंडाला लावून हसत होती. एकूण एक गाव हसत होतं.

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगणार होतंय. पण तुम्ही रहाटाक हात घातलास. म्हटला, माणूस सुधारता, मध्येच कित्याक आडवा?"

मला राग आला पाहिजे होता. पण खरं सांगतो, वर्षभराचं ओझं एकदम उतरलं होतं आणि मीसुद्धा हसलो. यतीनचं घर झालं, माझा फंड वाचला. आता उद्यापासून खुर्ची आणि पेपर.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन मालवणला आलो. संजना परसात विहिरीपाशी उभी राहून इकडेतिकडे शोधत होती.

"विमलाताई, पंप खंय बसवलात?" तिने विचारलं. "गणपतीत पैसे पाठवले होते ना आम्ही, फंड वर गेला म्हणून? खास पंपासाठी."

मी विमलाकडे पाहिलं. ती डगमगली नाही.

"बँकेत ठेवलंय," ती म्हणाली. "एफडीत. पाणी घरात येय होता, मगे पंप कित्याक?"

"ठीक आहे," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. "सोमवारी जाऊन एफडी मोडू आणि पंप आणू."

"मोडूक कसा येतला?" विमलाने माझ्या हातात कळशी दिली. "तीन वर्सांची आसा. मध्ये मोडली तर व्याज बुडता."