सासऱ्यांची सत्तरी आणि माझी गाळणी

वेबपानावर बारा आणे गाळ असतो आणि चार आणे मजकूर. ते चार आणे नेमके वेचून शोधयंत्राच्या सूचीत घालणे हे माझे काम. आणि किर्गिझस्तानच्या राजधानीत, अख्ख्या बिश्केकमध्ये ते माझ्याइतके नेटके कोणी करत नाही, असे मी त्या शनिवारपर्यंत चारचौघांत सांगत असे!

आमच्या संकेतस्थळावर समारंभांची निमंत्रणे येतात, तशा निधनवार्ताही येतात. नाव टाकले की त्या माणसाविषयी मोजके तेवढे समोर यावे, म्हणून मी एक नियम बसवला होता. जे वाक्य शेकडो पानांवर सापडते ते नक्षीकाम, ते गाळायचे. जे एकाच पानावर आहे ते ठेवायचे.

माझे सासरे, मुकाम्बेत त्यांचे नाव, सत्तर वर्षांचे होणार होते. कोचकोर गावातल्या त्यांच्या घरी मोठा बेत होता, तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच.

"जावईबापू, सगळा गाव येईल. पण ओरोझाली आला पाहिजे."

ओरोझाली त्यांचा धाकटा भाऊ, घाटापलीकडच्या अत-बाशी गावचा. एका शर्यतीच्या घोड्यावरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते.

"मग फोन करा ना त्यांना!"

"मी करू? मी थोरला आहे!" सासरे कडाडले. मग हळूच म्हणाले, "तो तुझ्या त्या यंत्रात माझं नाव घालून बघत असतो म्हणे. त्याची सून सांगत होती. तिथं नीट दिसू दे म्हणजे झालं."

"मामा, काळजीच सोडा! कामाचं तेवढंच दिसेल!"

शनिवारी दुपारी चुलीवर मटण शिजत होते, बायका बोरसोकचे पिठाचे गोळे तळत होत्या आणि सासरे नवा झगा घालून फाटकाशी उभे होते. इतक्यात वळणावर एक गाडी थांबली. आठ-दहा पुरुष उतरले, कंबरेत वाकले आणि आमच्याकडे वेगाने येत, मयताच्या घरी जाताना करतात तसा एका सुरात आक्रोश करू लागले!

"दादा रे माझ्या! माझा डोंगर खचला रेऽऽ!"

"कोण गेलं?" सासऱ्यांनी घाबरून विचारले.

माझी बायको कनिशाय हिने मोबाइलमध्ये वडिलांचे नाव टाकले आणि माझ्याकडे असे पाहिले, की मी चुलीमागे सरकलो.

"बाबा, तुम्हीच गेलात."

'सत्तरीच्या आनंदसोहळ्याचे सप्रेम निमंत्रण' हे वाक्य शेकडो पानांवर होते, म्हणून माझ्या नियमाने ते गाळले होते. उरले ते एवढे, हुबेहूब निधनवार्तेसारखे: 'मुकाम्बेत. चाळीस वर्षे गुरांचे डॉक्टर. कोणाला कधी दुखावले नाही. शनिवारी दुपारी राहत्या घरी जेवण.'

मी हात हलवत पुढे धावलो, तर सासऱ्यांनी कॉलर धरून मला फाटकाआड ओढले.

"गप! ऐकू दे मला!"

"दादा, घोडा तुझाच होता रे! मीच खोटं बोललो!" ओरोझाली छाती पिटत होते.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. झग्याच्या बाहीने ते पुसून ते फाटकाबाहेर आले.

"हेच जरा आधी म्हणाला असतास तर?"

आक्रोश गळा दाबल्यासारखा थांबला. ओरोझालींनी भावाला आपादमस्तक न्याहाळले, आधी खांदा चाचपला, मग तिथेच एक गुद्दा हाणला.

"जिवंत आहेस? आणि मी अख्खा घाट रडत उतरलोय! चला रे, बसा गाडीत!"

"जेवल्याशिवाय हललास तर बघ!"

"मेलेल्याचं ऐकत नाही मी!"

"मग थोरल्याचं ऐक!"

ओरोझाली घुटमळले. मग टोपी सारखी करून मुकाट्याने आत आले. सासऱ्यांनी त्यांना आपल्या शेजारी बसवले आणि सगळ्यांत चांगला तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. एकमेकांना टोमणे मारत दोघे पोटभर जेवले.

मी त्याच संध्याकाळी नियम दुरुस्त केला. आता निमंत्रण हे निमंत्रणच दिसते, आणि त्यामुळेच माझी पंचाईत झाली आहे. कारण निघताना ओरोझालींनी मला बाजूला घेतले होते.

"जावईबापू, वसंतात माझी पासष्टी आहे. माझंही निमंत्रण टाका. अगदी असंच! दादा किती रडतो, ते बघायचंय मला."