अबकभाऊंचं जेवण

"झालं! जोडलं गेलं!" कौसर एवढ्या जोरात ओरडली, की आतून अम्मीने विचारलं, "कुणाचं लग्न जुळलं गं?"

लग्न नव्हे, डेटाबेस जुळला होता. मावळातल्या घरगुती जेवणाच्या बुकिंगची वेबसाईट कौसर तळेगावात घरी बसून जावाच्या 'स्प्रिंग' या तयार सांगाड्यावर नव्याने बांधत होती. आठवडाभर डेटाबेस तिला दारात उभं करत नव्हता. कधी जोडणीचं 'ड्रायव्हर' सॉफ्टवेअर सापडेना, कधी पासवर्ड चुके. शेवटी ऑफिसातल्या प्रदीपने आपल्याकडचा डेटाबेसचा पत्ता धाडला, तिने तो सेटिंगमध्ये चिकटवला आणि कनेक्शन मिळालं. त्या आनंदात तिने चाचणीचं एक बुकिंग ठोकून दिलं : नाव अबक कखग, माणसं चाळीस, आज दुपारी, ठिकाण कुरवंडे. मग निवांत आंघोळीला गेली.

बाहेर येते तो फोन वाजत होता.

"कौसर, मी सावित्राबाई, कुरवंड्याची. त्या अबकभाऊंना तिखट चालतंय न्हवं?"

कौसरच्या केसांतलं पाणी जागीच गार झालं. प्रदीपने पत्ता चाचणीच्या नव्हे, खऱ्या डेटाबेसचा दिला होता! जुनी वेबसाईट अजून त्यावरच चालत होती आणि बुकिंग पडलं की जेवण रांधणाऱ्या घरी मेसेज जात होता.

"मावशी, ते बुकिंग खोटं आहे!"

"मोटं? व्हय की, लय मोटं हाय! म्हून तर शेजारची संगीता बी भाकऱ्या थापाय बसलीया." आणि रेंज गेली.

कौसरने अब्बांची स्कूटर काढली. शनिवारची लोणावळ्याची गर्दी, त्यात पर्यटकांच्या गाड्या चिक्कीच्या दुकानांपुढे आडव्यातिडव्या. वाटभर ती माफीची वाक्यं जुळवत होती. चाळीस माणसांचं पिठलं आता कोण खाणार?

कुरवंड्यात पोचली तर अंगणात पंगत बसलेली! डोंगरावरून उतरलेली, मातीने माखलेली पोरंपोरी ठेच्याने नाकं पुसत भाकरी मागत होती.

सावित्राबाई मात्र धावत आल्या. चेहरा रडवेला.

"पोरी, माजं चुकलं! पाव्हणं येईनात, भाकरी गार व्हाया लागली, आन् ही उपाशी पोरं दारात. वाढलं मी समदं, त्यांनी पैसं बी दिलं. आता अबकभाऊ आलं तर कुटल्या तोंडानं बोलू?"

"मावशी," कौसरने त्यांचे हात धरले, "अबकभाऊ नाहीतच. ती माझी चाचणी होती. चूक माझी आहे."

"न्हाईतच?"

"जगातच नाहीत."

सावित्राबाई मटकन ओट्यावर बसल्या. "सुटले गं बाई! कधीचा जीव टांगणीला लागलेला."

कौसरलाही सुटल्यासारखं झालं. तिने तिथूनच प्रदीपला फोन लावून बुकिंग रद्द करवलं, चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता धाडायला बजावलं आणि पंगतीत मांडी घातली. सावित्राबाईंनी तिच्या ताटात पिठलं वाढलं आणि त्या हळूच म्हणाल्या,

"पुढच्या शनवारी बी असंच कुणीतरी बोलीव. पर त्यास्नी सांग, येऊ नका म्हणावं."