संदर्भ क्रमांक सतरा

आमचे डॉक्टर वाघुळदे कुणालाही नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की चेहरा सोडून थेट पोटाकडे बघायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय?" माझ्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी आहेर दिला आणि हाच प्रश्न नवरीला विचारला. बायको ते अजून विसरलेली नाही.

सुरतच्या एका मेडिकल कॉलेजात ते आतड्यांच्या आजारांचे पॅथॉलॉजिस्ट आणि मी त्यांचा टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा तुकडा आमच्याकडे यायचा. मी त्याचे पातळ काप काढून, रंगवून काचेवर चढवायचो आणि साहेब मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. "पाटील, आतडं खोटं बोलत नाही," हे वाक्य मला दिवसातून चारदा ऐकावं लागे. डबाही ते त्याच टेबलावर खात, स्लाइड्स जरा बाजूला सारून. शेवभाजी असली तर आग्रहानं मला वाढत. मी उपास सांगायचो.

त्यांचं खरं वेड मात्र निराळंच होतं. आतड्याचा क्षय आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक आजार, हे दोन वेगळे कसे ओळखायचे यावर त्यांनी एक लेख लिहिला होता. तो कुठल्याशा लहान जर्नलमध्ये छापून आला आणि तेव्हापासून साहेब वाट बघत होते की कुणीतरी आपल्या लेखात त्याचा उल्लेख करील. लायब्ररीत नवं जर्नल आलं की ते आधी शेवटची पानं उघडत आणि बारीक टायपातल्या संदर्भांच्या यादीवरून बोट फिरवत. लायब्रेरियन जयाबेन लांबूनच विचारायच्या, "साहेब, नाम आव्युं?"

"हजु नथी आव्युं," म्हणत साहेब जर्नल मिटायचे.

कधीमधी परदेशातून पोस्टकार्ड यायचं, की लेखाची एक प्रत पाठवा. त्या दिवशी माझा चहा साहेबांकडून. प्रत रजिस्टर पोस्टानं रवाना व्हायची, कार्ड ड्रॉवरमध्ये जायचं आणि पुढे सगळी सामसूम. मला हसू यायचं. एवढा शिकलेला माणूस, आणि नाव छापून यायची ही हौस! पाठीमागे आम्ही त्यांना 'संदर्भसाहेब' म्हणायचो. खोटं कशाला बोलू, ते नाव मीच ठेवलं होतं.

सुरतेत प्लेगची साथ आली, त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी लायब्ररीतून आरोळी आली. मला वाटलं, आग लागली. धावत गेलो, तर साहेब टेबलावर थापा मारत होते. "पाटील! सतरा नंबर!" यादीत सतराव्या क्रमांकावर त्यांचा लेख होता. आडनाव साफ चुकीचं छापलेलं, पण त्याची त्यांना फिकीरच नव्हती.

मी पेढ्यांची वाट बघत होतो. साहेबांनी त्या लेखाची झेरॉक्स काढली आणि म्हणाले, "स्कूटर काढ. उधन्याला जायचंय."

उधन्याच्या कामगार वस्तीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटातून एका खोलीपाशी पोचलो. पन्नाशीची एक बाई दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. तिला बघताच साहेबांनी हात जोडले. मी बघतच राहिलो.

मग ते अहिराणीत तिला सांगू लागले आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. तिचा नवरा भिका लूमवर कामाला होता. त्याची स्लाइड साहेबांनी क्षयाची म्हणून वाचली. वर्षभर क्षयाची औषधं चालली, आजार दुसराच होता आणि कळेपर्यंत आतडं फुटून भिका गेला. त्या लेखातला पहिला रोगी हा भिकाच. 'निदान माझंच चुकलं' असं साहेबांनी त्यात सरळ लिहिलं होतं. मी त्या लेखाच्या कितीतरी प्रती पाकिटात घातल्या होत्या, पण वाचला कधी नव्हता. आता कुठल्या लांबच्या देशातल्या डॉक्टरनं तो वाचला होता आणि आपल्या रोग्याचा आजार वेळेवर ओळखला होता. मला माझी लाज वाटली.

बाईनं झेरॉक्स हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"मंग तो आजारी मानूस वाचना?"

"वाचना, ताई."

तिनं कागद घडी करून देवाच्या फोटोमागे खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब दरसाल येतस, पन कधीच बठतस नही. दारमाच उभा ऱ्हातस." आणि साडी गोळा करून तिनं चटई अंथरली. "आते तरी बठा, साहेब. च्या करस."

साहेबांनी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.